निळ्या अंड्यांची अर्धली

पहिलं निळं अंडं आमच्या मालकांच्या हाताला लागलं, आन् इंगळ हातात आल्यागत त्यांनी ते टोपल्यात टाकलं. सकाळची येळ. मी चुलीपुढं भाकरी थापत हुते. "हरणे, भाईर ये! कुणीतरी करणी केली बघ आपल्यावर!" म्हणून वरडाय लागलं. पिठाच्या हातानं भाईर गेले, तर मालक धोतराचा सोगा धरून खुराड्यापास्नं चार हात लांब उभं, आन् कोंबडी आपली मीच घातलं, मीच घातलं करत सगळी वस्ती गोळा करतीय. मी अंडं उचललं. अजून गरम हुतं. धुवून धुवून इटलेल्या निळ्या पोलक्याचा असतो तसला रंग.

"कसली करणी आन् कसलं काय," मी म्हणलं. "बिरदेवानं सांगितलं हुतं न्हवं, ह्या कोंबड्या रंगीत अंडी घालत्यात म्हणून?"

"मला वाटलं चेष्टा करतंय पोरगं," मालक म्हणलं, तरी जवळ काय आलं न्हाईत.

बिरदेव आमचा ल्योक. विट्याकडची निम्मी पोरं सोनं गाळायच्या धंद्यात मुलखभर पांगल्यात, त्यातलाच ह्यो बी. केरळात असतो. सून समीक्षा हितं आमच्यापाशी. मालकांचं नाव घ्यायचं तर हरिबा, पर मी कशाला घेऊ. उभा जन्म आमी दोघांनी मेंढरामागं काढला. मालकांचं गुडघं गेलं तशी मेंढरं विकली. राहिल्या हुत्या कोंबड्या, तर त्या उन्हाळ्यात मानमोडी आली आन् वस्तीवरच्या कोंबड्या माना टाकून पटापट मेल्या. माझ्या खुराड्यात एक म्हातारी तांबडी आन् एक तसलाच म्हातारा तांबडा कोंबडा, येवढीच दोन उरली. मोकळं दार कसं खायला उठतं ते ज्याचं त्यालाच ठावं. सकाळी उठून कुणाला हाड हाड करायचं तेच कळायचं न्हाई. फोनवर बोलताना मी रडले आसंन एखाद्या येळी.

तर ह्यो पठ्ठ्या बेंदराला घरी आला, त्यो मांडीवर पत्र्याचा डबा घेऊनच. डब्यात तूस, तुसात अंडी. त्याच्या दुकानाशेजारी कोण हौशी म्हातारा हाय, त्याच्या घरची. सगळ्या रेल्वेत डबा खाली ठेवला न्हाई म्हणं, झोपला तरी मांडीवरच. तांबडीखाली बसवली. काय फुटली, काय घारीनं नेली, एकदोन मुंगसानं. शेवटाला चार कोंबड्या आन् एक कोंबडा हाताला लागला. पर कोंबडा म्हंजे काय कोंबडा! अंग राखी-निळं, मान पिवळीजर्द, दोन्ही गालांवर दाढी. छाती काढून दारात असा चालायचा की समीक्षानं त्याचं नावच सुभेदार ठेवलं. आमच्याकडं पेन्शनवर आलेलं सुभेदार असंच चालत्यात.

थंडीत कोंबड्या अंड्यावर आल्या. एकीचं निळं, दोघींचं हिरवट, आन् चौथीचं गुलाबी झाक मारणारं. पहिल्यांदा कुणी तोंडाला लावंना. सापाची असत्याली म्हणलं कुणी, कुणी म्हणलं औषध पाजून रंगवल्यात. मग मी चारचौघींत उकडून फोडून दाखवलं. आत पांढरं ते पांढरंच आन् पिवळं ते पिवळंच. मी खाल्लं, समीक्षानं खाल्लं, आन् दुसऱ्या दिवशी बी आमी जित्याच दिसलो तवा कुठं वस्तीचा इस्वास बसला. मग काय, बायका पोरं काखंत मारून बघायला याय लागल्या. विट्याच्या शाळंतल्या बाई स्कुटी थांबवून डझनभर न्यायच्या. बिरदेवचा फोन आला की समीक्षा मोबाईल खुराड्यात घालायची आन् तिकडनं त्यो "सुभेदार, सलाम!" म्हणायचा. माझ्या दाराला परत वाट पडली. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटायचं. बाईनं हातात अंडं फिरवून "आगं बया!" म्हणावं आन् मी काय इशेष न्हाई असं तोंड करून उभं ऱ्हावं.

येक मायाक्का तेवढी आली न्हाई. ती माझी थोरली जाऊ. थोरलं दीर जाऊन लय वर्सं झाली, पोरगा सुरतंला. एका भिंतीला लागून दोघींची घरं, परड्यातनं कमरंयेवढा दगडी बांध, आन् दोघींचं बोलणं बंद. मानमोडी मी विट्याच्या बाजारात घेतलेल्या कोंबडीनं आणली, असं ती वस्तीभर सांगत सुटली. मी म्हणलं, तुझ्या कोंबड्या तुझ्यागतच मरायला टेकलेल्या हुत्या. झालं! तवापास्नं तिला काय सुनवायचं आसलं की ती म्हशीला सुनवायची.

"गंगे, सरळ हुबी ऱ्हा. लोकांच्या कोंबड्या आता रंगपंचमी खेळाय लागल्यात, ते बघू नगंस."

मी बी कमी न्हाई. मी तांबडीला म्हणायची, "तांबडे, ज्याचं पोट दुखतंय त्यानं ओवा मागावा, व्हय का न्हाई?"

मालक म्हणायचं, "आगं, दोघी जावाजावा नीट भांडा तरी. जनावरांना कशाला मधी घालताय?"

शिमग्याच्या आधीची गोष्ट. त्या दिसांत तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर बायकांना लय काम असतं. जीप वस्तीवर येती, आमी दाटीवाटीनं बसतो आन् इळभर बेदाणा निवडतो. त्या दिवशी मी आन् समीक्षा दोघी गेलो हुतो. बोटं चिकाट, मान अवघडलेली, डोळ्यांत धुरळा, असं दिस मावळताना जीपमधनं उतरलो तर वाऱ्यावर मटणाच्या मसाल्याचा वास. समीक्षा म्हणली, "आत्या, आपल्याच घरातनं येतोय."

अंगणात तीन दगडांवर पातेलं रटरटत हुतं. घोंगड्यावर पाव्हणं बसलेलं. समीक्षाचं वडील तात्याबा, जतच्या बाजूनं आलेलं, तिकडचं बोलणं जरा कानडी वळणाचं. समीक्षाला लय आनंद झाला, धावत जाऊन पाया पडली. मी पदर सारखा करून पाव्हण्यांना पाणी इचारलं, हातपाय धुवायला परड्यात गेले, आन् उकिरड्यावर बघितलं तर पिसं. राखी-निळी पिसं, आन् त्यात पिवळीजर्द बी.

माझ्या हातातनं तांब्याच सुटला.

खुराड्यापाशी गेले. चौघी कोंबड्या हुत्या, तांबडी हुती, म्हातारा तांबडा कोंबडा एका पायावर उभा राहून माझ्याकडं बघत हुता. सुभेदार कुठंच न्हवता. समीक्षा मागनं आली. तिनं पिसं बघितली, माझ्याकडं बघितलं, आन् तोंडावर हात घेतला.

अंगणातनं मालक हाक मारत हुतं, "हरणे, भाकरी टाक बिगीबिगी, पाव्हणं सकाळधरनं परवासात हाईत!"

आता पाव्हण्यापुढं काय बोलता? व्याही माणूस, त्यातनं सुनंचा बाप. मी चूल पेटवली आन् भाकरी बडवाय लागले. त्या दिवशीच्या भाकरी मी खरंच बडवल्या. शेजारी बसून समीक्षा पीठ मळत हुती आन् डोळं पुसत हुती, मधनंच हसू आलं की परत डोळं पुसत हुती. "माझ्याच बापाच्या पोटात गेला आत्या," येवढंच म्हणली.

वाढायला मीच हुते. तात्याबांनी पहिला घास घेतला आन् डोळं मिटलं.

"पाव्हणं, येवढं वय झालं, असलं कोंबडं न्हाई खाल्लं बघा," म्हणलं. "काय मऊ! काय चव! कुठल्या जातीचं हो?"

"घरचंच हाय," मालक म्हणलं आन् माझ्याकडं असं बघितलं की मी बी वा म्हणावं. "पाव्हण्याला बारकं कापायचं व्हय? जे लय चांगलं तेच काढलं. हरणे, वाढ की आणखी, रस्सा वाढ!"

मी वाढलं. तंगडी पाव्हण्यांच्या ताटात माझ्या हातानं वाढली.

"वैनी, तुमी बी बसा की," तात्याबा म्हणलं.

"माझा मंगळवार हाय."

"आज शुक्रवार हाय न्हवं का?"

"मग शुक्रवार हाय," मी म्हणलं, आन् पळीनं पातेलं असं खरवडलं की मालकांनी पयल्यांदाच मान वर करून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. तवा त्यांना कळलं, काय तरी बिघडलंय.

सकाळच्या एसटीनं पाव्हणं गेलं. समीक्षानं त्यांच्या पिशवीत अंडी सुद्धा घातली, निळी-हिरवी. एसटी नदरंआड झाली आन् मी सुरवात केली. काय काय बोलले ते आता सांगत न्हाई. तोंडाला लगामच न्हवता. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणलं, "मला काय ठावं त्याच्यावरच सगळं हाय म्हणून. कोंबड्या अंडी घालत्यात, कोंबडा काय घालतोय?"

"आवं, कोंबडा न्हाई तर पिल्लं कशी हुतील? ह्या चौघी किती दिस पुरत्याल्या? म्हाताऱ्या झाल्या की संपलं. तांबड्याच्या पोटची पिल्लं झाली तर रंग निम्मा जाईल, पुढं सगळाच जाईल! कापायचाच हुता तर तांबडा कापायचा."

"तांबडा चिवट झालाय. दात कुठं हाईत तात्याबाला?" मालक म्हणलं. "आपली मेंढरं हुती तवा बी पाव्हणा आला की मी कळपातला कुठला बकरा काढायचो? लंगडा काढायचो व्हय? पोरीचा बाप पयल्यांदा मुक्कामाला आला हरणे. त्याला उरलंसुरलं घालू?"

खरंच हुतं ते. लंगडा बकरा त्यांनी कवा काढला न्हाई, आन् त्याच गोष्टीचा मला सगळ्या जन्मात अभिमान वाटला हुता. राग तर आला, पर राग टाकावा कुणावर तेच कळंना. मालक भिताडाला टेकून बसलं. च्या पुढ्यात गार झाला, त्यांनी हात लावला न्हाई. आन् माझ्या डोळ्यांपुढं डबा मांडीवर घेऊन बसलेला माझा बिरदेव. त्याला काय तोंडानं सांगू?

समीक्षाच म्हणली, "आत्या, कोंबडा गेला तरी कोंबड्या काय दिस अंडी धरत्यात न्हवं?"

धरत्यात की! मला ठावं हुतं, रागात सुचलं न्हाई येवढंच. कोंबडा गेल्यावर बी आठ-पंधरा दिस घातलेल्या अंड्यांत जीव असतो. त्या दिवसापास्नं तांबड्या कोंबड्याला डालग्याखाली कोंडला, आन् शाळंच्या बाईला सुद्धा अंडं देणं बंद. रोजच्या अंड्यावर कोळशानं रेघ मारायची आन् आतल्या खोलीत वाळूच्या टोपल्यात ठेवायचं. पर बसवायची कुणाखाली? बिरदेवच्या ह्या कोंबड्या दिसायला राजकन्या, अंड्यावर बसायचं म्हणलं की पळत्यात. तांबडी एकदा बसून उठलेली, आता तिच्यात जीव न्हवता. आन् ऊन तर दिसंदिस तापत चाललेलं. पाडवा झाला की आमच्या माळावर अंडी बसवून उपेग न्हाई, ती टोपल्यातच शिजत्यात.

समीक्षानं विट्याच्या एका हॅचरीवाल्याला फोन लावला. त्यो म्हणला, आमी हजारानं घेतो, टोपलीभर अंड्यांसाठी मशीन चालू करत न्हाई. मग मी डोईवर पदर घेऊन घरोघरी निघाले. खुडूक कोंबडी, अंड्यावर बसायला आलेली, हाय का म्हणून इचारत. एक म्हणली, "कालच हुती गं, पाण्यात बुचकळून काढली, मोडली खुडूक." दुसरी म्हणली, "हाय, पर तिच्याखाली माझीच अंडी हाईत." तिसरीनं तर दारातच हात जोडलं. "हरणाबाई, तुमची ती निळी अंडी माझ्या कोंबडीखाली नगंत. माझ्या घरात ल्हान लेकरू हाय." आठ दिसांमागं हीच बया माझ्या परड्यात उभी राहून आगं बया, आगं बया करत हुती. मी पुढच्या दाराला गेले. गरज माझी हुती.

मालक कुणाला न सांगता सकाळीच काठी घेऊन भाईर पडलं. दुपारी पार घामानं निथळत आलं, काखंत कोंबडी. पलीकडच्या वस्तीवर चालत गेलं हुतं, तसल्या गुडघ्यांनी. "ही खुडूक हाय. मालकीण शपथ घेऊन म्हणली," म्हणून माझ्या पुढ्यात ठेवली. आमी टोपल्यात भुसकाट घातलं, अंडी मांडली, कोंबडी ठेवली. ती बसली. आमी तिघंबी श्वास धरून बघतोय. घटकाभरानं उठली, एका निळ्या अंड्यावर पाय देऊन फोडलं, आन् टोपल्याच्या काठावर उभी राहून घाण केली.

"शपथ खोटी निघाली," मालक म्हणलं आन् तसंच कोंबडी काखंत मारून परत करायला निघालं. मी म्हणलं, आवं बसा, उद्या जावा, उन्हाचं कशाला. तर थांबलं न्हाईत. त्यांची पाठमोरी चाल बघून माझा उरलासुरला राग बी गेला.

त्याच सांजंला मी परड्यात भांडी घासत हुते आन् बांधापलीकडनं आवाज आला. खुडूक, खुडूक, खुडूक. कान टवकारलं. मायाक्काची काळी! दोन दिस झालं ती जागची हलत न्हाई, असं समीक्षानं सांगितलं हुतं, पर मीच कानाआड केलं हुतं. वस्तीत सगळ्यांपुढं पदर पसरला, हिच्यापुढं न्हाई पसरणार, असं मनाशी धरलेलं. तेवढ्यात पलीकडं मायाक्का म्हशीला सांगाय लागली.

"गंगे, हिची आज खुडूकच मोडते बघ. बसून बसून वाळली नुसती. नाकात पीस घालते, म्हंजे उद्यापास्नं फिराय लागंल."

राखेचा हात तसाच घेऊन मी बांधावर चढले. ह्या वयात लुगड्याचा काष्टा धरून बांध चढणं सोपं न्हाई, पर चढले. मायाक्का उंबऱ्यात बसलेली, काळी दोन्ही गुडघ्यांत दाबलेली, डाव्या हातात तिची मान आन् उजव्या हातात पीस.

"अक्का, थांब!"

वर्सभरात तिच्या तोंडावर बोललेला ह्यो माझा पयला शब्द. तिनं वर बघितलं. मग म्हशीकडं बघितलं.

"गंगे, बांधावर कोण चढलंय गं?"

"मी चढलेय, हरणा. म्हशीला इचारू नगंस, मला इचार. पीस खाली ठेव."

"का ठेवू? कोंबडी माझी, नाक तिचं."

"माझी अंडी बसवायची हाईत."

तिनं पीस काय खाली ठेवलं न्हाई. म्हणली, "तुमची ती रंगीत? कोंबडा कापून खाल्लासा की. वास आला हुता मला. भिंतीपलीकडं माणूस ऱ्हातंय म्हणून कुणी वाटीभर रस्सा दिला न्हाई."

आता बघा! मी कशापायी आले, आन् हिचा जीव कुठं अडकलेला! पर खरं सांगते, मला लाजच वाटली. घरात कोंबडं शिजलं आन् भिंतीपलीकडच्या जावंला वाटी गेली न्हाई, असं आमच्यात हुत न्हाई.

"मी बी न्हाई खाल्ला अक्का. घशाखाली उतरला नसता," मी म्हणलं आन् बांधावर बसूनच रडाय लागले. लय दिसांचं साठलेलं. मेंढरांचं, कोंबड्यांचं, बिरदेवचं. राखेच्या हातानं डोळं पुसलं तर ते आणखी झोंबाय लागलं.

मायाक्का उठली. पीस उकिरड्यात टाकलं, काळीला परत टोपल्यात ठेवली, तांब्या आणून माझ्या हातावर पाणी ओतलं.

"अर्धलीनं बसवीन," म्हणली. "निम्मी पिल्लं माझी. आन् निवडताना पहिला हात माझा."

शेळी असू द्या, कोंबडी असू द्या, दुसऱ्याच्या जनावराखाली वाढवायचं तर अर्धली, ही आमच्याकडची रीतच हाय. ज्याची आई त्याची पहिली निवड, हे बी रीतीतच बसतं. मी म्हणलं, "कबूल."

"आन् काळी माझ्याच घरात बसंल. तुझ्याकडं कोंबड्या जगत न्हाईत."

हे मात्र तिनं मुद्दाम म्हणलं. मी दात खाल्लं आन् अंडी आणायला परत बांध चढले.

काळी अशी बसली, अशी बसली, की खायला सुद्धा उठायची न्हाई. मायाक्का तिला उचलून दाण्यांपुढं ठेवायची. इकडं ऊन वाढतच चाललं. आमी दोघींनी आळीपाळीनं गोणपाट ओलं करून खिडकीला टांगलं. समीक्षानं मोबाईलची बॅटरी लावून अंड्यांत बघायचा परयत्न केला, पर गावठी पांढऱ्या अंड्यात दिसतं तसं ह्यात काय दिसंना. टरफलच असं गडद, उजेड आत जातच न्हाई. जीव हाय का नुसतं पाणी हाय, कळायला मार्ग न्हाई. मायाक्का म्हणली, "असू दे. पोटूशी बाईचं पोट फाडून कोण बघत न्हाई."

बिरदेवचा फोन यायचा. सुभेदार कुठाय म्हणला की समीक्षा सांगायची झोपलाय, पुढच्या खेपंला म्हणली रानात गेलाय. एक दिस मालकांनी तिच्या हातातनं मोबाईल घेतला. तोंडापुढं उलटा धरला, समीक्षानं सुलटा केला.

"बिरदेवा, तुझा कोंबडा मी कापला," म्हणलं. "तुझ्या सासऱ्याला घातला. आई आन् सून घरात न्हवत्या, त्यांचा काय गुन्हा न्हाई. काय बोलायचं ते मला बोल."

मागं त्याच्या दुकानातल्या भट्टीचा आवाज येत हुता.

मग त्यो म्हणला, "आवडला का तात्यांना?"

"डोळं मिटून खाल्ला बघ," मालक म्हणलं.

"मग झालं की आबा," बिरदेव म्हणला, आन् हसाय लागला. मालकांच्या डोळ्याला पाणी आलं. त्या दिवशी कितीतरी दिसांनी त्यांनी गरम च्या घेतला.

अन् एका सकाळी मायाक्कानं भिंतीवर उलथनं आपटलं. बांध आता मला सवयीचा झाला हुता. काळीच्या पोटाखालनं चिवचिव येत हुती. मायाक्कानं हात घालून एक अंडं काढलं. हिरव्या टरफलाला भोक, आन् भोकात टोचा मारणारी येवढीशी चोच. आमी दोघी जमिनीवर बसकण मारून बघत बसलो. म्हस धारंसाठी हंबरत राहिली, तिच्याकडं कोण बघतंय? सगळी काय फुटली न्हाईत, निम्मीच्या वर वाया गेली. पर सहा पिल्लं काळीच्या पंखाखालनं तोंडं काढून आमच्याकडं बघाय लागली, त्यातल्या दोघांच्या गालांवर जावळागत दाढीचं केस. मायाक्का म्हणली, "आगं बया!" माझं कान तृप्त झालं.

आता अर्धली म्हणली तरी पिल्लं लगेच वाटता येत न्हाईत. काळी एक, पिल्लं सहा, आन् आईला तोडून ती जगत न्हाईत. मग काळी दिसभर कधी तिच्या परड्यात, कधी बांधाच्या भगदाडातनं माझ्या परड्यात. घार दिसली की जी जवळ असंल तिनं वरडायचं. एकीनं कण्या टाकायच्या, दुसरीनं पाणी ठेवायचं. म्हशीचं काम गेलं. आता मायाक्का जे काय असंल ते मलाच सुनवायची, आन् मी तिला. भांडायचो बी, पर तोंडाला तोंड देऊन. पाऊसकाळ सुरू झाला, पिल्लांनी अंग धरलं, तुरं फुटलं, आन् कळलं की पाच माद्या हाईत आन् एकच नर. राखी-निळा, दाढीचा, पिवळ्या मानंचा. अजून आरवाय लागला की घसा फाटायचा, पर छाती काढून चालाय लागला हुता.

तवापास्नं माझ्या जिवाला घोर. सहाचं निम्मं तीन, पर नर एकच. आन् पहिला हात तिचा. वाटणीची येळ आली तशी मला झोप लागंना. समीक्षा म्हणली, "मोठ्या आत्या न्हाई घेणार कोंबडा, त्यांना अंडी पायजेत." मी म्हणलं, "तू मायाक्काला वळकत न्हाईस."

श्रावणातल्या एका सकाळी वाटणी झाली. मालक आमच्याकडनं बांधाला टेकून उभं, समीक्षा डालगं धरून. मायाक्कानं जोंधळं फेकलं, सगळी गोळा झाली, आन् तिनं हात घातला त्यो सरळ कोंबड्यावरच. पंख दाबून काखंत घेतला. त्यानं एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. कबूल मीच झाले हुते.

"अक्का," मी कसंबसं म्हणलं, "त्याच्याबदली तू चार माद्या घे. पाचबी घे."

"नगं. मला ह्योच पायजे. दोन माद्या त्याच्या जोडीला, बाकीच्या तुझ्या."

"आगं, पर माझ्या कोंबड्यांना..."

"तुझ्या कोंबड्यांना बांध अडवतोय व्हय? ह्यो काय दावणीला बांधून ठेवायचाय? दिसभर हिंडंल की दोन्ही परड्यात. पर दिस मावळला की ह्यो माझ्या खुराड्यात, आन् कडी मी लावणार." मग तिनं मान वळवून बांधाला टेकलेल्या मालकांकडं बघितलं. "तुझ्या घरी पाव्हणं लय येत्यात, हरणे."

मालकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत टोपी घातली.

"वहिनी," म्हणलं, "कडीला कुलूप बी लावा."